त्यांचा वर्ग तुमच्या वर्गात येऊ द्या

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी नागपूरच्या एका आरोग्यविज्ञान संस्थेत सहयोगी प्राध्यापक आहे. मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांमध्ये शिकवणाऱ्यांसाठी आमच्याकडे आरोग्य-व्यवसाय शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवर विदर्भातले, फार तर रायपूर-जबलपूरकडचे शिक्षक यायचे. यंदाच्या अठरा जणांच्या बॅचमध्ये दहा जण परदेशी आहेत: नेपाळचे चार, इथिओपियाचे तीन, टांझानियाचे दोन आणि सुदानचा एक. पहिलं सत्र आठ दिवसांचं झालं. चर्चेत ही मंडळी जवळजवळ गप्प होती. पहिल्या गृहपाठात निम्म्यांनी पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. सवयी बदलण्यावरचं एक अख्खं सत्र मी खर्र्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, उदाहरणावर घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत कळलं, खर्रा म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटच्या दिवशी इथिओपियाच्या एक शिक्षिका म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं सगळं छान आहे, पण माझ्या वर्गात 200 मुलं आहेत.’ आमचे विभागप्रमुख म्हणतात, पदवी एकच आहे, त्यांच्यासाठी बदल केले तर दर्जा घसरेल. दुसरे एक सहकारी म्हणतात, थोडं सोपं करून द्या, पास करा. मला दोन्ही पटत नाही. पुढचं सत्र तीन महिन्यांवर आलंय. नेमकं काय आणि किती बदलावं?

उत्तर:

दोन्ही पटत नाही हे बरंच आहे, कारण दोन्ही सल्ल्यांमागची समजूत एकच आहे: तुमचा अभ्यासक्रम म्हणजे उंच पट्टी आणि ही माणसं त्या पट्टीला पुरत नाहीत. एक जण म्हणतो पट्टी हलवू नका, दुसरा म्हणतो खाली घ्या. तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं की या दहा जणांचं मोजमाप अजून कोणी घेतलेलंच नाही. त्यांना काय येतं, त्यांचं कॉलेज कसं चालतं, हे तुमच्या कुठल्याच तासाने त्यांना विचारलेलं नाही. इथिओपियाच्या बाईंना ते वाक्य शेवटच्या दिवशी, निघताना म्हणावं लागलं. ते पहिल्या दिवशी, फळ्यावर, सगळ्यांसमोर यायला हवं होतं.

यात तुमची चूक काढायचा हेतू नाही. मी त्या बाजूच्या बाकावर बसलेली आहे. 1996 मध्ये शिष्यवृत्तीवर मी ब्रिटनमध्ये असाच एक अभ्यासक्रम करायला गेले होते. तेव्हा मी इथे नागपूरलाच पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवत होते. पहिला गृहपाठ होता: तुमच्या विभागात नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या कामाचं मूल्यमापन करा. आमच्या विभागात असं पदच नव्हतं. नवा लेक्चरर आला की त्याला खडू देऊन वर्गावर पाठवायचे, एवढंच मार्गदर्शन. पण ‘आमच्याकडे असं कोणी नसतं’ हे लिहायची मला लाज वाटली. मी एक पर्यवेक्षक कल्पनेतून उभा केला, त्याच्या बैठका लिहिल्या, त्याच्या कामातल्या त्रुटीही लिहिल्या. मला उत्तम गुण मिळाले. पुढचे सगळे गृहपाठ मी त्याच वाटेने केले आणि नागपूरला परतल्यावर त्यातलं काहीही मला वापरता आलं नाही, कारण मी जे कॉलेज सुधारलं होतं ते कागदावरचं होतं.

म्हणून माझी पहिली विनंती: तुमचे सगळे गृहपाठ काढून बसा आणि प्रत्येकाला विचारा, यात खोटं लिहून पास होता येईल का? जिथे उत्तर ‘हो’ येईल तो गृहपाठ बदला. ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापनाचे फायदे लिहा’ हा असाच गृहपाठ आहे. त्याचं उत्तर पुस्तकातून उतरवलं जाणारच, कारण ते पुस्तकातच आहे. त्याऐवजी सांगा: तुमच्या कॉलेजची मागच्या वर्षीची एक खरी प्रश्नपत्रिका आणा. कुठल्या भागावर किती गुण आहेत ते मांडा. त्यातले किती प्रश्न नुसती आठवण तपासतात, किती विचार करायला लावतात? रोज लागणाऱ्या कुठल्या गोष्टीवर एकही प्रश्न नाही? हे उतरवायला जगात कुठेही पुस्तक नाही. शिवाय ती प्रश्नपत्रिका तुम्हालाही दहा दिवस वाचून कळणार नाही इतकं त्यांच्या कॉलेजबद्दल सांगून जाईल.

उताऱ्यांबद्दल एक गोष्ट सांभाळून करा. पुष्कळ ठिकाणी, आणि आपल्याकडेही, गुरूचं किंवा ग्रंथाचं वाक्य हुबेहूब सांगणं हा अभ्यासूपणा मानला जातो. आपल्या एमबीबीएसच्या मुलांना व्याख्या शब्दशः पाठ असली की व्हायव्हात शाबासकी मिळते, मग हीच मुलं एमडीच्या प्रबंधात तसंच करतात तेव्हा आपण त्यांना चोर म्हणतो. पहिला गृहपाठ बिनगुणांचा ठेवा. त्यातले दोन परिच्छेद नाव न घेता पडद्यावर दाखवा, मूळ उतारा शेजारी ठेवा आणि आपल्या शब्दांत कसं मांडायचं, श्रेय कसं द्यायचं, हे सगळ्यांनी मिळून एकदा करून बघा. दुसऱ्या गृहपाठापासून नियम सगळ्यांना सारखा आणि कडक. या बाबतीत परदेशी म्हणून सूट देऊ नका, त्यांना ती नकोही असते.

आता दर्जाचं. विभागप्रमुखांचा प्रश्न गंभीर आहे, त्याला उडवून लावू नका. पण त्यांच्यासमोर एक उदाहरण घेऊन बसा, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. मी ओस्की, म्हणजे ठिकाणाठिकाणी फिरून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, घेईन. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ही परीक्षापद्धत मांडली. त्यांचं दुखणं आपल्याच लाँग केससारखं, म्हणजे एकच रुग्ण तपासून द्यायच्या परीक्षेसारखं, होतं: एका मुलाच्या वाट्याला सोपा रुग्ण आणि मवाळ परीक्षक, दुसऱ्याच्या वाट्याला अवघड रुग्ण आणि तिरसट परीक्षक. उपाय असा की प्रत्येक मुलाने तीच कामं करायची, प्रत्येक कामाची तपासयादी आधी ठरलेली, आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा. एवढंच तत्त्व आहे. ती पहिली परीक्षा वॉर्डातच झाली होती. चकचकीत स्किल्स लॅब, हजारो रुपयांचे पुतळे, खोलीखोलीत कॅमेरे, हे सगळं नंतर येऊन चिकटलं. आपण आज शिकवताना तत्त्व पाच मिनिटांत सांगतो आणि लॅब तासभर दाखवतो. मग समोरची बाई म्हणते, आमच्याकडे हे होणार नाही. तिचं बरोबर आहे, कारण आपण तिला लॅबच शिकवलेली असते.

हाच तास उलटा घ्या. त्या 200 मुलांचा हिशेब फळ्यावर मांडा. पाच-पाच मिनिटांची दहा ठिकाणं लावली तर दर पाच मिनिटांना एक मूल आत जाणार. 200 मुलांना 1000 मिनिटं, म्हणजे जवळपास सतरा तास. दोन रांगा समांतर चालवल्या तर साडेआठ. परीक्षक किती लागतील? ते आणायचे कुठून? ठिकाणं कमी केली तर वेळ वाचेल, पण निकालावर भरवसा कितपत राहील? वार्षिक परीक्षेत नको, पण टर्मच्या मध्ये, नुसतं शिकण्यासाठी, चार ठिकाणं लावली तर? की त्यापेक्षा मिनी-सीईएक्स बरी, ज्यात शिक्षक मुलाला खऱ्या रुग्णासोबत पंधरा-वीस मिनिटं बघतो आणि लगेच दोन शब्द सांगतो, पण तीही एकदा नव्हे, वर्षभरात अनेकदा करावी लागते? या चर्चेत दर्जा कुठे खाली आला ते विभागप्रमुखांना विचारा. भरवसा, वैधता, खर्च, या सगळ्याची इथे खरी परीक्षा होते आणि ती तयार स्लाइडवरून शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि नागपूरच्या आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात तरी काय वेगळं आहे? तिथेही एमबीबीएसच्या एका वर्षाला 250 मुलं असतात. तुमच्या बॅचमधले विदर्भाचे आठ जण हा हिशेब ऐकताना खुर्चीत सरसावून बसतील, बघा.

त्यावरूनच सांगते, परदेशी लोकांसाठी वेगळी तुकडी, वेगळे तास असं काही करू नका. वेगळं काढलं की ते ‘पाहुणे’ होतात आणि पाहुण्याला कोणी खरं बोलत नाही.

खर्र्याचं सत्र टाकून देऊ नका. ते चांगलं सत्र असणार, फक्त त्याचा दरवाजा एकाच बाजूला उघडतो. खर्रा हातात घेऊन दाखवा: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेला, सकाळी सकाळी टपरीवर घेतलेला. मग विचारा, तुमच्याकडे याची जागा कशाने घेतली आहे? इथिओपियाचे लोक बहुधा खातबद्दल बोलतील. खात ही चघळायची पानं, उत्तेजक, आणि तिथे ती कायदेशीर आहेत. इतकंच नाही, देशाला परकीय चलन मिळवून देणाऱ्या पिकांमध्ये खात आहे. आता तुमच्या सत्राचा प्रश्न एकदम मोठा होतो. आपल्याकडे शिक्षक म्हणू शकतो, हे वाईट आहे, सरकारही तसंच म्हणतं. जिथे शेजारच्या शेतकऱ्याचं घर त्या पिकावर चालतं तिथे आरोग्यशिक्षक काय म्हणेल? सवय बदलण्याचे जे टप्पे आपण छापील आकृतीत दाखवतो ते तिथे लागू पडतात का? हे नागपूरच्या कुठल्याही शिक्षकाला माहीत नाही. ते त्यांच्याकडूनच यावं लागेल.

याहून चांगलं उदाहरण तुमच्या अंगणातच आहे आणि ते तुम्ही वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक आजार. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आफ्रिकेतही तो मोठा आहे, टांझानियात तर फारच. म्हणजे या एका आजाराबद्दल तुमच्या वर्गात चंद्रपूरचा शिक्षक आणि टांझानियाचा शिक्षक दोघंही घरचे आहेत. आजाराचं मूळ एक, रक्तातला दोष एक, पण आपल्याकडच्या रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचं प्रमाण बहुधा जास्त असतं आणि म्हणून त्रास पुष्कळदा थोडा सौम्य, तर आफ्रिकेतल्या प्रकारात तो जास्त तीव्र. त्यामुळे आईला काय सांगायचं, कशाची भीती घालायची आणि कशाची नाही, हे बदलतं. मग समुपदेशन: आपल्याकडे वाहक असल्याचं कळलं की सोयरीक मोडते आणि दोष बहुतेक मुलीच्या माथी येतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीनंतर कार्डं दिली जातात, पण ते कार्ड घरात कोण वाचतं, कोणाला दाखवलं जातं, कोणापासून लपवलं जातं, हे आशाताईला माहीत असतं, आपल्या स्लाइडला नाही. हाच प्रसंग दोघांना करून दाखवू द्या. एकदा चंद्रपूरचा शिक्षक समुपदेशक, टांझानियाचा शिक्षक मुलीचा बाप. मग उलट. मला वाटतं त्या तासाला कोणी गप्प बसणार नाही.

गप्प बसण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण तुम्ही त्याचा अर्थ ‘येत नाही’ असा घेतल्यासारखं पत्रातून वाटतं. तुमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला धारणीहून किंवा एटापल्लीहून येणारं मूल आठवा. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं, घरी कोरकू किंवा माडिया बोलणारं. सहा महिने ते वर्गात तोंड उघडत नाही आणि वॉर्डात मात्र गावाकडच्या म्हातारीशी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं बोलतं. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत होते आणि पुढे एकदम इंग्रजी. इथिओपियात वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, रुग्ण अम्हारिक किंवा ओरोमो बोलणारा. ही माणसं दोन भाषांमध्ये रोज ये-जा करतात, त्यांना फक्त वेळ लागतो. प्रश्न विचारला की लगेच हात वर करायला सांगू नका. पाच मिनिटं लिहू द्या. मग दोघा-दोघांत, हव्या त्या भाषेत बोलू द्या, नेपाळच्या चौघांना नेपाळीत बोलू द्या. त्यानंतर जोडीतल्या एकाने दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं. दुसऱ्याचं सांगताना माणूस सहज बोलतो. आणि वरिष्ठांसमोर मतभेद दाखवणं जिथे उद्धटपणा समजला जातो तिथल्या माणसाला ‘माझ्या मांडणीत काय चुकलं सांगा’ असं भर वर्गात विचारू नका. चिठ्ठीवर विचारा, भरपूर मिळेल.

त्यांना कमी समजण्याचा मोह आपल्याला कळतही नाही, म्हणून तीन गोष्टी ठाऊक असू द्या. इथिओपियातल्या जिमा शहरातली आरोग्यविज्ञान संस्था 1983 मध्ये उभी राहिली तीच समाजाधारित शिक्षणाच्या कल्पनेवर; मुलांना गावात पाठवून शिकवणं हा तिथे अभ्यासक्रमाचा कणा आहे. सुदानमध्ये गझिराच्या मेडिकल कॉलेजने हेच 1970च्या दशकात सुरू केलं. आणि नेपाळमध्ये धरानच्या बी. पी. कोइराला संस्थेने 1990च्या दशकातच विषयवार भिंती पाडून एकात्मिक अभ्यासक्रम चालवला. आपल्याकडे देशभर क्षमताधारित एमबीबीएस 2019 मध्ये आलं आणि एकात्मिक अध्यापन कसं करायचं यावर आपण अजून कार्यशाळा घेतो आहोत. तुमच्या नेपाळी सहभागींपैकी कोणी त्या पद्धतीत शिकलेलं असेल तर एकात्मिक अध्यापनाचा तास त्याला घ्यायला सांगा. आपल्याकडेही सांगण्यासारखं आहेच: सेवाग्रामला 1969 पासून मेडिकलची मुलं गाव दत्तक घेऊन शिकतात. एक दिवस सगळ्यांना घेऊन जा. नागपूरहून दीड-दोन तासांची वाट आहे. जाताना बसमध्ये जिमाबद्दल ऐका, येताना सेवाग्रामबद्दल बोला.

सुदानच्या शिक्षकाशी मात्र एकट्याने, शांतपणे बोला. एप्रिल 2023 पासून तिथे युद्ध आहे. कितीतरी कॉलेजं बंद पडली, स्थलांतरित झाली, काही ऑनलाइन चालू राहिली. ‘तुमच्या कॉलेजची प्रश्नपत्रिका आणा’ हे मी वर जे सांगितलं ते त्याच्यासाठी क्रूर ठरू शकतं. त्याचं कॉलेज आज कुठे आहे, त्याचे विद्यार्थी कुठे आहेत, त्याला त्याबद्दल बोलायचं आहे का, हे आधी विचारा. विखुरलेल्या मुलांना फोनवरून शिकवणं हाच त्याचा प्रकल्प होऊ शकतो. पण ते त्याने ठरवायचं.

काही छोट्या गोष्टी, ज्यांवरून उगीच मन दुखावतं. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्या भागात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे तीन. इथिओपियाचं कॅलेंडरही वेगळं आहे, तेरा महिन्यांचं. सबमिशनची वेळ लिहिताना ‘भारतीय वेळेनुसार’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर उशीर झाला म्हणून कोणाचे तरी गुण कापले जातील. ऑनलाइन तास ठेवताना नेपाळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आणि इथिओपिया-टांझानिया अडीच तास मागे, हे लक्षात घ्या. इथिओपियन माणसाच्या नावात दुसरं नाव वडिलांचं असतं, आडनाव नव्हे; म्हणून ‘डॉक्टर’ पहिल्या नावाला लावा. त्यांच्यातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात आणि त्या दिवशी दूध-तूपही चालत नाही, मेसवाल्या काकांना सांगून ठेवा. स्वागताच्या जेवणाला पहिल्याच दिवशी सावजी नको. आणि सत्र मे महिन्यात येत असेल तर तारीख बदला, 45 अंशांत कोणाचंच डोकं चालत नाही.

शेवटचा प्रकल्प हा माझ्या मते सगळ्यात नाजूक भाग. तो घरी परतून करायचा असेल तर तिथल्या प्राचार्यांचं पत्र आत्ताच मागवा, की या शिक्षकाला अमुक वर्गाचे अमुक तास आणि हा बदल करून बघायची मुभा आम्ही देऊ. पत्र आलं नाही तर प्रकल्प लहान करा, इतका लहान की तो परवानगीशिवाय एका शिक्षकाला स्वतःच्या तासात करता येईल. 200 मुलांच्या वर्गात दर वीस मिनिटांनी थांबून शेजाऱ्याला एक प्रश्न विचारायला लावणं हाही प्रकल्प आहे, त्याचा परिणाम मोजता येतो. सहा महिन्यांनी ऑनलाइन भेटा आणि काय जमलं नाही ते आधी विचारा. न जमलेलं नीट मांडणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, हे मूल्यमापनाच्या कागदावर लिहून ठेवा. मला 1996 मध्ये असा एक कागद दिसला असता तर मी तो पर्यवेक्षक कल्पनेतून उभा केला नसता.

हे पत्र वाचून झालं की इथिओपियाच्या त्या बाईंना आजच मेल करा. त्या 200 मुलांच्या वर्गाचा एक फोटो मागवा: बाकं कशी आहेत, फळा कुठे आहे, शेवटच्या रांगेतून काय दिसतं. पुढच्या सत्राची पहिली स्लाइड तीच ठेवा आणि पहिला अर्धा तास बोलायला त्यांना द्या.